मेपलची सारंगी

एका राज्यात सटवाजी नावाचा सुतार होता. हात सोन्याचा, पण स्वभाव असा की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तो हाच! त्याची बायको धुरपदा गाऊ लागली की वाटसरू वाट विसरत. एका जादूगाराने तिला आपल्या महाली गायला बोलावले, ती गेली नाही. तेव्हा त्याने तिची साळुंकी केली आणि तिचा गळा राज्यातल्या एकुलत्या मेपलच्या झाडात कोंडला.

सटवाजीने राजाचे पाय धरले. राजाने जादूगाराला उःशाप विचारला.

"या झाडाच्या तीन वस्तू कर," जादूगार सटवाजीला म्हणाला. "दुधाचा वास न धरणारी वाटी, नाचाने चरा न पडणारी फळी आणि सारंगी. सारंगी वाजली, तर बायको परत. तडकली, तर गळा कायमचा गेला."

झाड पडले. लाकूड सायीसारखे पांढरे, वजनाला भारी आणि इतके टणक की पटाशीला घडीघडीला धार लावावी लागे. आत पाखरांच्या डोळ्यांसारखे बारीक ठिपके होते. ते पाहून सटवाजीने साळुंकीला खांद्यावर घेतले.

वाटी त्याने ओल्या लाकडाचीच कातली. वाळताना ती जराशी लांबोडकी झाली, पण दुधाचा वास आत शिरायला रंध्रांत वावच नव्हता. फळी वर्षभर वाळवली. दरबारातली नर्तकी तिच्यावर प्रहरभर नाचली, ओरखडा उठला नाही.

राहिली सारंगी. तिचा ठोकळा चांगला वीतभर जाड. टोकांना मेण फासून तो सावलीत ठेवायचा आणि वाट पाहायची, विस्तवाजवळ नेला की चिरलाच. सटवाजी रोज तो बोटाने वाजवून पाही, पण आतल्या ओलीने आवाज बद्द येई. मुकी साळुंकी खांद्यावर बसून असे. धुरपदाच्या हाकेची त्याला अशी आठवण येई की घास घशाखाली उतरत नसे.

चार वर्षे सरली. साळुंकीची पिसे विटली. पाखराचे आयुष्य ते केवढे! ठोकळा अजून बद्दच. अखेर सटवाजीचा धीर सुटला. त्याने चूल पेटवली आणि ठोकळा उचलला.

साळुंकी उडाली ती थेट चुलीच्या तोंडाशी जाऊन बसली. पंख होरपळू लागला, तरी हलेना.

"धुरपदे, तू म्हातारी होत चाललीस गं," सटवाजी म्हणाला. "मला नाही राहवत."

ती बसूनच राहिली. शेवटी त्यानेच पाणी ओतून चूल विझवली आणि ठोकळा पुन्हा सावलीत ठेवला.

आणखी दोन वर्षांनी ठोकळा टणकन वाजला. सटवाजीने सारंगी कोरली, तारा चढवल्या. साळुंकीला आता उडवतही नव्हते. तिला शेजारी बसवून त्याने गज ओढला, आणि सूर उमटला तो धुरपदाचा. त्या क्षणी शाप उलटून जादूगाराचीच वाचा बसली आणि तो राज्य सोडून चालता झाला. साळुंकीच्या जागी पिकल्या केसांची धुरपदा बसली होती. दंडावर भाजल्याचा डाग होता.

सहा वर्षे तिच्या आवाजासाठी झुरलेला सटवाजी जिवाचा कान करून बसला. तिने आधी सारंगी उचलली, पाठीवरून बोटे फिरवत चीर शोधली. चीर कुठेच नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "थांबलात हो तुम्ही."

त्यांना जसे वाट पाहणे फळले, तसे वाट पाहणाऱ्या सगळ्यांना फळो.