राणीची फणेरपेटी

एका राज्यात वीरभानू नावाचा राजा होता. कोठारे भरलेली, सीमा शांत, प्रजा सुखी. पण राजाला आपले म्हणावे असे माणूस उरले नव्हते. मेघदंत जादूगाराने त्याला शाप दिला होता, "जे तुझ्या जिवाचे, त्यांनाच तू ओळखणार नाहीस!" तेव्हापासून राजा प्रधानाला ओळखी, पहारेकऱ्याला ओळखी, राणी शीलवती मात्र त्याला कोणी वाट चुकलेली बाई वाटे, आणि राजकन्या उत्पला कोणाची तरी पोर.

राणी दुखणाईत पडली आणि गेली. त्या दिवशी राजा दारातून डोकावला. म्हणाला, "बिचारी! हिचे मागेपुढे कोणी नाही काय?" आईच्या उशाशी बसलेल्या उत्पलाने आईच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले.

राजाने दयेपोटी त्या अनाथ पोरीला मागल्या चौकातली खोली दिली. खरे नाते सांगू जावे, तर राजा संतापे. म्हणून दासी ताट ठेवीत, मान लववीत आणि निघून जात. उत्पलाचा दिवस कोणाचा शब्द न ऐकता उगवे आणि तसाच मावळे.

एके दुपारी तिने आईची पेटी उपसली. लुगड्यांच्या तळाशी एक फणेरपेटी निघाली. झाकणात आरसा, त्याचा पारा उडालेला. आत शिंगाची फणी, चांदीचे कानकोरणे आणि टाचा घासायची पितळी वज्री. फणीच्या दात्यांत आईचा एक लांब केस अडकला होता. उत्पलाने फणी गालाशी धरली आणि ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

तेव्हा खिडकीत येऊन बसलेली एक साळुंकी बोलली, "राजकन्ये, ही पेटी वनदेवतेची. आजीकडून तुझ्या आईकडे आली. हिच्यातल्या एकेका वस्तूने एकेका परक्याची मनोभावे सेवा कर, म्हणजे मेघदंतापर्यंत वाट होईल. मात्र सेवा झाली की वस्तू नाहीशी होईल."

"माझ्या आईला हे का नाही सांगितलेस?"

"सांगितले होते. ती निघालीही होती. पण तू तेव्हा रांगत होतीस. तुला टाकून तिचा पाय उंबरठ्याबाहेर पडेना."

उत्पलाने पेटी पदराखाली घेतली आणि ती चालू लागली.

वाटेत एक रान लागले. तिथे जटाई नावाची म्हातारी राक्षसीण बसली होती. तिचे केस झाडाझाडांना असे गुरफटले होते, की वाराही आत शिरत नसे.

"कोण आहे? खाऊन टाकीन!"

"खा हो आजी. आधी केस तर विंचरू द्या."

जटाईने डोके पुढे केले. उत्पलाने एकेक गुंता हळू सोडवला. म्हातारीला बसल्या बसल्या डुलकी लागली, रान मोकळे झाले, आणि फणी मिठासारखी विरघळली. तिच्यासंगे आईचा केसही गेला. उत्पलाने रिकाम्या मुठीकडे पाहिले आणि पुढची वाट धरली.

पुढे डोंगराची शिळावेस, दगडी दाराने बंद. तिचा राखणदार यक्ष येणाऱ्याला नाव विचारी. पण त्याच्या कानांत माती भरून वर गवत उगवले होते. नाव ऐकूच येत नसे, म्हणून तो कोणाला सोडत नसे. उत्पला त्याच्या खांद्यावर चढली आणि कानकोरण्याने माती काढू लागली. माती निघाली, खडे निघाले, चिमणीचे जुने घरटे निघाले. तोच खालच्या ओढ्याची खळखळ यक्षाच्या कानी पडली. तो हमसून रडला.

"नाव सांग, मुली."

"उत्पला."

"कितीतरी काळाने नाव ऐकले," असे म्हणून त्याने वेस उघडली. कानकोरणे धुक्यासारखे विरून गेले.

गुहेत मेघदंत एकटाच बसला होता. त्याच्या टाचा सुकल्या तळ्यासारख्या भेगाळल्या होत्या. पाऊल टाकवत नव्हते. उत्पलाने पाणी आणले आणि वज्रीने टाच घासायला घेतली.

"पोरी, कोणाची तू?"

"राजा वीरभानूची."

त्याने पाय ओढून घेतला. "तुझा बाप आणि मी एका ताटात जेवलो आहोत. विद्या शिकून परतलो तेव्हा अंगावर चिंध्या होत्या. भर दरबारात तो म्हणाला, मी याला ओळखत नाही. ओळखले होते त्याने! नजर खाली घातली होती."

"त्यांनी वाईट केले," उत्पला म्हणाली. "पण त्यापायी माझी आई नवरा असून परक्यासारखी मेली."

मेघदंताचा चेहरा उतरला. "राणी गेली?"

"गेली."

"तिचा मी विचारच केला नव्हता," तो म्हणाला. मग त्याने पाय पुन्हा पुढे केला. दोन्ही टाचा मऊ झाल्या, वज्री नाहीशी झाली. जादूगार उठून उभा राहिला. "शाप सुटला. मात्र गेलेले माणूस आणायची विद्या मला येत नाही."

उत्पला दरबारात शिरली तसा राजा सिंहासनावरून धावत खाली आला. "उत्पला! केवढी झालीस ग!" नगारे वाजले, साखर वाटली गेली. राजाने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग तिच्या मागे पाहिले. "आणि तुझी आई? ती कुठे आहे?"

नगारे थांबले. उत्पलाने बापाचा हात धरून त्याला खाली बसवले आणि सगळे सांगितले.

पुढे राजाने मेघदंताला पालखी धाडली आणि भर दरबारात त्याची क्षमा मागितली. लेकीला मागल्या चौकातून आपल्याजवळ आणले, घराची घडी बसली. पण रोज दिवेलागणीला राजा लेकीजवळ येऊन बसे आणि विचारी, "तिचे केस पिकले होते का ग? ती हसे का? काय खायला मागे?" शापाच्या काळात राणीला त्याने राणी म्हणून पाहिलेच नव्हते. उत्पला आठवून आठवून सांगे, राजा ऐके. शाप सुटला, घर मार्गी लागले, आणि बापलेकीचे हे बोलणे सुरू झाले ते कधी संपले नाही.