तळघरातला पलंग

नाशिकच्या बाबासाहेब गरुडांनी भाड्यानं देण्यासाठी तळघर सजवलं. एसी आणि गिझर लावले, पण वीज घेतली वरच्या खोलीच्या जुन्या वायरवरून. दोन्ही एकदम चालू केले की ब्रेकर पडायचा आणि अंधार व्हायचा. वायरमननं तळघरासाठी वेगळी लाइन टाकायला सांगितलं.

"नवा रंग दिलाय, भिंती फोडायच्या नाहीत," बाबासाहेबांनी फर्मावलं. "मोठा ब्रेकर बसव, म्हणजे पडणार नाही."

"ब्रेकर पडणार नाही, पण वायर तापून आग लागेल," सून वैदेही म्हणाली.

"काही होत नाही. कॉलेजच्या दोन पोरी तर राहणार आहेत."

संध्याकाळी फिरून आल्यावर बाबासाहेब आपल्या खोलीच्या दारातच थबकले. खोलीत पलंग नव्हता.

"तळघरात नेलाय, बाबा," वैदेही शांतपणे म्हणाली. "उद्या मोठा ब्रेकर बसतोय. पोरी येईपर्यंत तुम्हीच झोपा तिथं. काही होत नाही ना?"

बाबासाहेब जिन्यापर्यंत गेले, पण त्यांचा पाय खाली पडेना. ते वैदेहीकडे वळले.

"वायरमनला फोन लाव. भिंत कुठून फोडायची, विचार त्याला."