पिवळ्या पगडीचे वैद्य

फार पूर्वी, गावांना वेशी होत्या आणि वेशींना दरवाजे होते, तेव्हा एका डोंगराच्या कुशीत वैद्यांचं एक गुरुकुल होतं. गुरुकुल कसलं, चार झोपड्या, एक गोठा आणि औषधींचा मळा. शिष्य मोजकेच, पण तिथली एक रीत मोठी कडक होती. शिष्याने स्वतःच्या हाताने केलेलं पहिलं औषध आधी गुरूने घ्यायचं आणि मगच त्याला पिवळी पगडी बांधून घरी पाठवायचं. त्यामुळे गुरू शिकवताना अंगचोरपणा करत नसत. स्वतःच्या जिवाशी कोण खेळेल?

पुढे तिथे एक नवे आचार्य आले. माणूस विद्वान आणि मनाने निर्मळ. आईबाप लहानपणीच गेलेले. थोरल्या बहिणीने पोटाला चिमटा काढून त्यांना शिकवलेलं. तिला ते अक्का म्हणत. अक्का दूरच्या गावी सासरी नांदत होती. निरोप घेताना ती म्हणाली होती, "बाळ, तुझं नाव चहूकडे झालेलं ऐकायचंय मला." आचार्यांच्या मनात ते घर करून बसलं.

नाव मात्र काही होत नव्हतं. नदीपलीकडे दुसरं गुरुकुल निघालं होतं. तिथे सकाळ-संध्याकाळ नगारा वाजे आणि शिष्यांची रीघ लागे. आचार्य उसासा टाकत, "विद्या आपल्याकडे आणि गर्दी तिकडे!"

एकदा एक भाट मुक्कामाला आला. जेवण झाल्यावर पोटावर हात फिरवत तो म्हणाला, "आचार्य, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. पगडी शेवटी कशाला बांधता? पहिल्याच दिवशी बांधा. आठवड्याच्या बाजारातून पिवळ्या पगड्यांची रांग जाऊ द्या. गाणं मी रचतो."

आचार्यांना आधी ते पटलं नाही. मग अक्काचे शब्द आठवले आणि पटलं.

गाणं गावोगाव गेलं. चालही अशी, की दळणाऱ्या बायकांच्या तोंडी बसली. शिष्य लोटले. चार झोपड्यांच्या चाळीस झाल्या, वर कमान उभी राहिली. रोज कुणी ना कुणी पाहुणा गुरुकुल बघायला येई. शिष्य पगड्या सावरत रांगेत उभे राहत आणि खड्या आवाजात श्लोक म्हणत. पाहुण्यांना खीर दिली जाई. आणि शिष्याचं पहिलं औषध गुरूने घ्यायचं, ती रीत? आचार्य हसून म्हणाले, "एवढ्या सगळ्यांची औषधं घेतली तर मीच उरेन का?" सगळे हसले आणि रीत मोडली.

एकच म्हातारे गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "आचार्य, बचनागाचं मूळ विषारी. ज्वरावर ते गुणकारी खरं, पण दुधात उकळून विष उतरवलं तरच. गोठ्यातलं सगळं दूध खिरीत जातंय. पोरं शिकणार कशावर?"

"यंदा श्लोक पाठ करू द्या," आचार्य म्हणाले. "गर्दी ओसरली की हाताने करतील."

"पी हळद अन् हो गोरी!" गुरुजी पुटपुटले आणि काठी टेकत आपल्या झोपडीकडे गेले. गर्दी काही ओसरली नाही. ती काय ओसरण्यासाठी जमवली होती? श्लोक पाठ झालेले शिष्य तसेच पगडी घालून गावोगाव वैद्यकी करू लागले.

मग एका दुपारी अक्काच्या गावाहून माणूस आला. तो दारात मान खाली घालून उभा राहिला. आचार्य तसेच अनवाणी निघाले. पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

मेहुणे ओसरीवर बसले होते. म्हणाले, "साधा ताप होता हो. मी म्हटलं, तुझ्या भावाला बोलावून घेतो. तर म्हणाली, त्याला कशाला त्रास? गावात पिवळ्या पगडीचा वैद्य आलाय. त्याच्या हातचं औषध म्हणजे माझ्या बाळाच्याच हातचं."

कोपऱ्यात एक तरुण उभा होता. पगडी त्याने काढून हातात घेतली होती.

"बचनाग दिलास?" आचार्यांनी विचारलं.

"हो, आचार्य."

"दुधात उकळला होतास?"

"तो श्लोक मला पाठ आहे, आचार्य. पण करून कधी पाहिलं नव्हतं." तरुण रडू लागला. "थोडंच तर दिलं होतं. चुकलं का माझं?"

आचार्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. शिष्य त्यांचाच होता, पण त्याचं नाव काही त्यांना आठवेना. रागवायचं तरी कोणावर? अक्का आपल्याच नावापायी गेली, हे त्यांना कळून चुकलं आणि ते ओसरीच्या खांबाला डोकं टेकून लहान मुलासारखे रडले.

परत आल्यावर त्यांनी कमान पाडली, भाटाला निरोप दिला आणि गावोगाव फिरू लागले. चावडीवर उभं राहून ते हात जोडून सांगत, "बाबांनो, आमच्या पगडीवर विश्वास ठेवू नका. आम्ही शिकवलं नाही, नुसतं मिरवलं. माझी बहीण त्यानेच गेली."

लोकांचे डोळे पाणावत. म्हातारी माणसं म्हणत, "केवढा हा खरेपणा! पोराला घालावं तर यांच्याच गुरुकुलात." निरोप दिलेला भाट वाटेतल्याच एका गावी थांबून हे ऐकत होता. त्याने यावरही गाणं रचलं आणि ते पहिल्या गाण्याहून जास्त चाललं.

पुढच्या वर्षी गुरुकुलाच्या वाटेवर दुप्पट मुलं आली. बहुतेकांच्या आयांनी घरीच पिवळ्या पगड्या बांधून दिल्या होत्या. आचार्य दारात आडवे उभे राहून "परत जा रे" म्हणत राहिले आणि मुलं वाकून त्यांच्या पाया पडत राहिली.

तेव्हा ऐका, लहानांनो आणि थोरांनो: विद्येआधी तिची दवंडी पिटली, तर विश्वास ठेवणाऱ्याचा जीव जातो आणि मग खरं सांगितलं तरी तेही दवंडीच ठरतं.