चार बोटांचा मोठेपणा

घाटातले रस्ते नुकतेच डांबरी झाले होते, तेव्हाची गोष्ट. एका जीपच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळायचा. तिचा एक टायर फाटला, म्हणून मालकाने जरा मोठा टायर बसवला. त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग काय, टायर फुगलाच.

"चाकाच्या एका फेरीत मी तुमच्याहून चार बोटं पुढे जातो," तो बाकीच्या तिघांना म्हणाला. "माझ्या जिवावर घाट चढताय!"

"अरे बाबा, तुमचा मेळ घालता घालता माझे दात झिजले," जीपच्या पोटातून गिअरबॉक्स कण्हला.

टायरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मधल्याच वळणावर गिअरबॉक्समधून जळक्या तेलाचा वास सुटला आणि जीप थांबली.

"मला साधं पंक्चरही नाही हं!" टायर ठसक्यात म्हणाला.

जीप ओढून गॅरेजात नेली, तिथे रखमाजी मिस्त्रींनी सुतळीने चौघांचे घेर मोजले. "टायर उत्तम आहे," ते मालकाला म्हणाले, "पण इथे चौघांचा घेर एकच लागतो." त्यांनी त्याला उतरवून गॅरेजच्या भिंतीला टेकवलं.

महिन्याभराने एका मोठ्या गाडीसाठी त्याची निवड झाली. तिच्याही मालकाने हौसेने नारळ आणला.

"नारळ राहू द्या," टायर म्हणाला. "आधी सुतळी आणा."