साय गेली, झोप आली

गोष्ट म्हटली की लई जुनी म्हणायची, म्हणून म्हणते. लई वर्षांमागं नारबाच्या घरात चिंगी नावाची मांजर होती. नारबाची फटफटी वळणावर वाजली की चिंगी दुधावरची साय सोडून पळायची. कधी म्हणून सापडली नाही.

मग नारबानं बॅटरीवरची गाडी आणली. ती दारात कधी आली ते कळलंच नाही. चिंगीचं तोंड पातेल्यात होतं, तोवर पाठीत चप्पल बसली.

चिंगी तणतणत पडवीत आली. गाडीला म्हणाली, "अगं मुके, येताना जरा खोकत तरी जा. तुझ्यापायी माझी साय गेली."

"खोकले असते बाई," गाडी हळूच म्हणाली, "पण तुझी पिल्लं आत्ताच झोपलीत."

चिंगीनं बघितलं. गाडीशेजारच्या टोपलीत तिन्ही पिल्लं गाढ झोपली होती. फटफटी यायची तेव्हा हीच पिल्लं भेदरून सैरावैरा पळायची. धाकटं तर एकदा विहिरीत पडता पडता वाचलं होतं.

चिंगीचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं गाडीचं धुळीनं भरलेलं चाक चाटून लख्ख केलं.

"ये हो तू अशीच गुपचूप," ती म्हणाली. "साय काय, दुपारी नारबा घोरायला लागला की मी खाईन."