ओहोटीतला साप

"भन्ते, माझ्याकडे किती वेळ उरला असेल?"

चारूनचा आवाज स्थिर होता. तो तसाच राहावा म्हणून त्याची धडपड चालली होती.

थायलंडच्या किनाऱ्यावर, खारफुटीच्या कडेला एक लाकडी विहार होता. चारून तिथला भिक्खू. मरणावर प्रवचन ऐकावं तर त्याचंच, असं आसपासच्या गावांत म्हणत. त्यालाही ते ठाऊक होतं.

त्या सकाळी ओहोटीच्या चिखलातून येताना त्याचा पाय सापावर पडला. फिकट रंगाचा, अंगावर आडवे पट्टे. घोट्याला चावून साप पाण्यात निघून गेला.

त्याचे गुरू, वृद्ध भन्ते खेमिको, यांनी घोटा धुतला. निरखून पाहिला. वेळेबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

"काही राहून गेलंय का?" त्यांनी विचारलं.

"बुनमी," चारून शेवटी म्हणाला.

बुनमी त्याचा धाकटा भाऊ. मासेमारी करायचा. नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

त्याला बोलवायला भन्ते स्वतः काठी टेकत धक्क्यावर गेले. अगदी सावकाश. पायरीवर बसलेला चारून त्यांचं एकेक पाऊल बघत राहिला.

बुनमी ओल्या अंगानंच आला. दूर उभा राहिला.

"बाबा जायच्या आधी..." चारूनने डोळे मिटले. "तुला बोलाव म्हणाले होते. तीनदा. मी निरोप धाडलाच नाही. आणि सगळ्यांना सांगितलं, बोलावूनही तू आला नाहीस."

"का, दादा?"

"त्यांचा जीव तुझ्यावर होता."

लाटेचा आवाज लांबून येत होता.

बुनमी पुढे आला, उकिडवा बसला. भावाचा पाय हातात घेऊन त्याने जखम पाहिली.

"पट्ट्यांचा होता? मान बारीक, अंग जाड?"

"हो."

"चिखलातले निवटे मासे खातो तो. आमच्या जाळ्यात सारखा येतो. मला चारदा चावलाय. काही होत नाही, दादा."

त्याने पाय हळूच खाली ठेवला आणि उठला. चार पावलं जाऊन थांबला. मागे न बघता म्हणाला,

"तीनदा म्हणालास ना?"

"हो... तीनदा."

बुनमी निघून गेला.

चारूनचा चेहरा लाल झाला होता.

"भन्ते, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही? मरणार असं वाटलं म्हणून बोललो मी! नाहीतर जन्मात बोललो नसतो!"

"का?" भन्ते म्हणाले. "मरणार नाहीस?"