गोजराईचा निरोप

फार वर्षांपूर्वी, खिंडीतून गाडीवाटही नव्हती तेव्हाची गोष्ट. वरच्या कोंढीत गोजरा नावाची बाई राहायची. खिंडीच्या वरचे निरोप खालच्या कोंढीला आणि तिकडचे इकडे पोचवणं, हे तिचं काम. सांगणारा जे बोलला ते ती अक्षर न अक्षर सांगायची. तो मध्येच खोकला, तर तीही तिथंच खोकायची. तिच्या तोंडून आईचा निरोप ऐकताना सासुरवाशिणी डोळे मिटून तिच्या मांडीवर डोकं ठेवायच्या, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात वरच्या कोंढीच्या मानाजी पाटलानं ओढ्याला बांध घातला आणि खालच्या कोंढीचं पाणी तुटलं. तिथला पाटील रखमाजी, मानाजीचाच धाकटा भाऊ. त्यानं माणसं जमवली, कुऱ्हाडी पाजळल्या. हे कळताच मानाजीनं गोजराला बोलावलं.

"सांग त्याला," तो गरजला, "बांधाला हात लावलास तर भाऊ म्हणणार नाही, उभा चिरीन!"

मग तो मटकन खाली बसला आणि स्वतःशीच पुटपुटला, "एवढा चढ चढून येणार तरी कसा? गुडघा धरलेला असतो त्याचा."

गोजरा निघाली तसा तो दचकला. "ते शेवटचं सांगू नकोस."

"पाटील, अर्धा निरोप मी नेत नाही."

"जीभ छाटीन!"

"छाटा. मग निरोपाला दुसरं माणूस बघा."

मानाजीनं तोंड फिरवलं. "जा," एवढंच म्हणाला.

खालच्या कोंढीत सगळे चावडीपुढं उभे होते. गोजरानं तोंड उघडलं आणि मानाजीचाच आवाज बाहेर पडला. थोरल्याच्या घरी वाढलेला म्हातारा कुत्रा शेपूट हलवत तिच्या पायाशी आला, असं म्हणतात. धमकी ऐकून माणसांनी कुऱ्हाडी उचलल्या. पण गोजराचं संपलं नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि उरलेलंही पुटपुटली.

रखमाजीचा हात गुडघ्यावर गेला. "पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं. तसंच.

रखमाजीनं कुऱ्हाड ठेवली आणि तो एकटाच, लंगडत, खिंड चढू लागला. अर्ध्या वाटेत त्याला मानाजी उतरताना दिसला. दोघांत काय बोलणं झालं ते कुणालाच ठाऊक नाही, कारण गोजरा तिथं नव्हती. पण दिवस मावळायच्या आत दोघं भाऊ बांधाचे दगड उचलत होते आणि पाणी खाली धावत होतं.

गोजरा गेली तेव्हा दोन्ही गावांनी तिला खांदा दिला. त्या दिवशी खिंडीतला वाराही माणसासारखा शब्दांत बोलला, असं म्हणतात.

आजही दोन्ही कोंढींत तंटा मिटवायला लोक बसले की पंच आधी म्हणतात, "गोजराईसारखं सांग." मग समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, एक अक्षर न गाळता सांगावं लागतं. ते ऐकून समोरचा "हो, हेच बोललो मी," असं म्हणेपर्यंत कुणाला आपली बाजू मांडता येत नाही.